झाडे मोजली; पायाखालच्या चिखलाचे काय?

ओहोटीच्या वेळी हार्बर मार्गावरील लोकल मानखुर्द सोडून वाशीच्या खाडीपुलावर आली, की डब्यातील अनेक प्रवासी नकळत नाकाला रुमाल लावतात. कुजलेल्या अंड्यासारखा तो वास शहराने खाडीत सोडलेल्या सांडपाण्याचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निम्मीच खरी आहे. ज्या खाडीत सांडपाण्याचा एक थेंबही जात नाही, तेथील खारफुटीच्या चिखलालाही हा वास असतो. खारफुटीखालची माती घडत असताना जो वायू बाहेर पडतो, त्याचा हा वास आहे. विशेष म्हणजे ज्या प्रक्रियेतून हा वायू निघतो, त्याच प्रक्रियेने गेल्या पन्नास-साठ वर्षांत मुंबई-ठाणे परिसरातून वाहून आलेले बरेचसे विषारी धातू या चिखलात जखडून ठेवले आहेत.

खारफुटीविषयीची आपल्याकडची चर्चा मात्र झाडांपाशी सुरू होते आणि झाडांपाशीच संपते. अमुक प्रकल्पात किती झाडे जाणार, त्या बदल्यात किती लावणार, हेच आकडे न्यायालयात आणि वृत्तपत्रांत झळकतात. झाड ज्यात उभे आहे तो चिखल कोणाच्याच हिशेबात नसतो. वास्तविक झाड वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा उभे राहू शकते. चिखलाचे तसे नाही.

जागची नव्हे, आणलेली माती

देशावरची काळी शेतजमीन बहुतांशी खालच्या खडकाची झीज होऊन तेथल्या तेथे तयार झाली. खाडीतील माती मात्र पाण्याबरोबर प्रवास करून येते. सह्याद्री आणि साष्टीच्या डोंगरांतील बेसॉल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा पाषाण, हजारो वर्षांच्या ऊन-पावसाने कुजतो आणि त्याची चिकणमाती होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत उल्हास, गाढी, मिठी या नद्या आणि असंख्य ओढे-नाले ही माती खाडीत आणून टाकतात. तिचे कण इतके सूक्ष्म असतात, की मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही ते लहान भरतात. एरवी असे कण पाण्यात तरंगत थेट खोल समुद्रात निघून गेले असते. ते खाडीतच का थांबतात, याचे उत्तर मिठात आहे.

चिकणमातीच्या प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना दूर ढकलत राहतात आणि पाणी गढूळ राहते. समुद्राचे खारे पाणी त्यात मिसळले, की क्षारांमुळे हा भार निष्प्रभ होतो. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि जड झालेल्या गुठळ्या तळाशी बसतात. दुधात लिंबू पिळल्यावर जे घडते, त्याच्याशी हे दृश्य बरेच मिळतेजुळते आहे.

पुढचे काम झाडे करतात. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरहून अधिक चढते. हे पाणी तिवर आणि चिप्पीच्या रानात शिरते, तेव्हा चिखलातून पेन्सिलीसारख्या वर आलेल्या हजारो श्वसनमुळांमध्ये त्याचा वेग मोडतो. भरती पूर्ण झाल्यावर पाणी काही काळ स्तब्ध होते आणि तेवढ्या अवधीत गाळ खाली बसतो. ओहोटीचे पाणी परत जाताना त्यातला थोडाच गाळ सोबत नेते. दिवसातून दोनदा हा क्रम चालतो. तरीही जगभरच्या मोजमापांत खारफुटीखालची जमीन साधारणपणे वर्षाला काही मिलिमीटर एवढीच वाढताना आढळते. याचा अर्थ माणूस उभा बुडेल एवढा थर साचायला कित्येक शतके लागतात. एखादे यंत्र तो एका दुपारी उपसते.

हा गाळ किती जुना असू शकतो, याची साक्ष मुंबई बंदरातच मिळाली होती. १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम सुरू असताना निळसर-काळ्या चिकणमातीच्या जाड थराखाली बुडालेले एक जंगल सापडले. त्यातली बरीच खोडे जागच्या जागी उभी होती, आणि ती खैराची होती. खैर हे डोंगरउतारावरचे, कोरड्या जमिनीचे झाड. समुद्र त्याच्यावर चढला, खाडी झाली, आणि भरत्यांनी आणलेल्या गाळाखाली ते रान गाडले गेले.

चिखल काळा का असतो

खारफुटीच्या जमिनीत बोटभर खोल खणले, की वरची तपकिरी माती संपते आणि खाली काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ गाळ लागतो. हा काळेपणा अनेकांना तेलाचा किंवा घाणीचा वाटतो. तो प्रत्यक्षात लोखंडाचा आणि गंधकाचा असतो.

पाण्याने भरलेल्या बारीक चिखलात हवा शिरत नाही. वरच्या काही मिलिमीटरांतच जिवाणू उपलब्ध प्राणवायू संपवून टाकतात. पण गळून पडलेली पाने, मेलेली मुळे आणि पाण्याबरोबर आलेला पालापाचोळा कुजवण्याचे काम थांबत नाही. प्राणवायू नाही म्हणून जिवाणू पर्याय शोधतात. आधी नायट्रेट वापरले जाते, मग मँगेनीज आणि लोहाची संयुगे, आणि त्यानंतर सल्फेट. सल्फेटला समुद्रात तोटा नसतो. एक लिटर सागरी पाण्यात ते सुमारे २.७ ग्रॅम असते आणि प्रत्येक भरती नवा साठा घेऊन येते. जिवाणूंनी हे सल्फेट वापरले, की त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पुलावर नाकाला झोंबतो तो हाच वायू. तो सगळाच बाहेर पडत नाही. आपल्या बेसॉल्टच्या मातीत लोह भरपूर असल्याने बराचसा वायू लोहाशी संयोग पावतो आणि काळे लोह-सल्फाइड बनते. कालांतराने त्याचेच पायराइट होते. सोनेरी चकाकीमुळे खाणींमध्ये अनेकांना फसवणारे हे खनिज खाडीच्या गाळात मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात असते.

सल्फेटवर जगणारे जिवाणू काम सावकाश करतात. साहजिकच पालापाचोळा पुरता कुजत नाही आणि त्यातला कर्ब जमिनीतच राहतो. हिंद-प्रशांत टापूतील खारफुटींचा जो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दर हेक्टरी सरासरी १,०२३ टन कर्ब आढळला. त्यातला मोठा वाटा झाडांत नसून मातीत होता.

या श्वास कोंडलेल्या जमिनीत झाडे जगतात कशी? तिवराची श्वसनमुळे ओहोटीच्या वेळी हवा घेतात आणि ती खालच्या मुळांपर्यंत पोचवतात. त्यातला थोडा प्राणवायू मुळांच्या कातडीतून भोवतालच्या गाळात झिरपतो. गाळातले विरघळलेले लोह तेथे गंजते आणि मुळाभोवती तांबूस वेष्टन तयार होते. मुळासकट उपटलेल्या तिवराच्या बारीक मुळांवर हा गंज साध्या डोळ्यांनी दिसतो. दुसरे मदतनीस म्हणजे खेकडे. त्यांची बिळे चिखलात खोलवर भरतीचे पाणी आणि हवा नेतात. निवटीही याच चिखलात बीळ करून राहते. खालची माती वर आणि वरची पाने खाली नेण्याचे, शेतात नांगर जे करतो ते काम येथे ही मंडळी करतात.

धातूंची तिजोरी, आणि तिची एक फट

सूक्ष्म कणांची चिकणमाती, तिच्यात मुरलेला कर्ब आणि भरपूर सल्फाइड हे तिन्ही घटक एकत्र आले, की पाण्यातून जाणारे जड धातू अडकतात. शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम, पारा हे धातू आधी मातीच्या कणांना चिकटून तळाशी येतात आणि मग सल्फाइडशी संयोग पावून अविद्राव्य होतात. पाण्यात विरघळेनासा झालेला धातू माशांच्या कल्ल्यांत सहजी शिरत नाही. कोणीही न बांधलेली, न चालवलेली अशी ही शुद्धीकरण यंत्रणा आहे, आणि मुंबईने तिच्यावर भार टाकण्यात कसूर केलेली नाही.

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस १९६०च्या दशकापासून ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहिला. त्यात रसायने, रंग, औषधे आणि कीटकनाशकांचे कारखाने होते. पश्चिमेस माहुल-तुर्भे भागात तेलशुद्धीकरणाचे प्रकल्प आले. त्याच बाजूला १९२७ पासून देवनारला शहराचा कचरा टाकला जात आहे. कचऱ्याच्या डोंगरातून झिरपणारे काळे पाणी उताराने खाडीकडेच येते. उत्तरेला उल्हास नदीच्या खाडीत कॉस्टिक सोड्याच्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यांतून पारा येत राहिला. तेथील गाळातील पाऱ्याचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. देशातील कॉस्टिक सोडा उद्योगाने पुढे पाऱ्याऐवजी पडद्याचे तंत्रज्ञान स्वीकारले. पण कारखान्यातून पारा गेला म्हणून गाळातून तो जात नाही.

गाळ हा थरांनी साचत असल्याने त्यात वर्षांची नोंद राहते. १९५० आणि १९६०च्या दशकांत महासत्तांनी वातावरणात अणुचाचण्या केल्या, त्यांतील सीझियम जगभर सर्वत्र पडले. त्याचे सर्वाधिक प्रमाण १९६३च्या सुमारास होते. चिखलात नळी खुपसून काढलेल्या नमुन्यात सीझियम सर्वाधिक आढळणारा थर सापडला, की त्यावरून वरच्या-खालच्या थरांचे वय काढता येते. भाभा अणु संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी याच पद्धतीने किनाऱ्यावरील गाळात शिसे आणि पारा कोणत्या काळात वाढत गेले, याचा कालक्रम मांडला होता. शहराचा औद्योगिक इतिहास दप्तरांत सापडला नाही, तरी चिखलात सापडतो तो असा.

या तिजोरीला एक फट मात्र आहे, आणि ती पाऱ्याच्या बाबतीत आहे. जे जिवाणू सल्फाइड तयार करून धातू जखडतात, त्यांच्यातील काही पाऱ्याचे रूपांतर मिथिल पाऱ्यात करतात. हे संयुग सजीवांच्या शरीरात सहज शिरते आणि तेथेच साठते. चिखलातील किड्यांकडून बारीक कोळंबीकडे, तेथून बोयटाकडे आणि बोयटाकडून ते खाणाऱ्या जिताड्याकडे जाताना त्याचे प्रमाण प्रत्येक पायरीवर वाढते. जपानमधील मिनामाता गावात १९५६ मध्ये उघडकीस आलेला मज्जासंस्थेचा विकार याच संयुगाने झाला होता. खाडीकाठच्या कोळीवाड्यांत खाडीची मासळी, चिंबोऱ्या आणि शिंपल्या हा रोजचा आहार असतो. त्यामुळे गाळातील पारा हा केवळ प्रयोगशाळेचा विषय राहत नाही.

सांडपाण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. घाटकोपर आणि भांडुप येथील केंद्रांतील सांडपाणी ठाण्याच्या खाडीत, तर मालाड व वर्सोव्याचे मालाडच्या खाडीत सोडले जाते. मुंबईत सात नव्या शुद्धीकरण केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदावर शेवाळ पोसते आणि त्या शेवाळावर फ्लेमिंगो. गुलाबी थव्यांमुळे ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टरांचे क्षेत्र रामसर यादीत गेले, ही आनंदाचीच बाब आहे. पण फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली, हा निष्कर्ष फार घाईचा ठरेल. जादा खत मिळालेली खारफुटीही वरून हिरवीगार दिसते. ती फांद्या-पाने वाढवते, त्या मानाने मुळे वाढवत नाही, आणि पाऊसमान घटले की आधी तीच वाळते, असे अन्य देशांतील प्रयोगांत दिसून आले आहे.

तेलाचा हिशेब आणखी निराळा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेल्याचा अंदाज तेव्हा वर्तवण्यात आला. हे तेल भरतीबरोबर खाडीत शिरून खारफुटीवर बसले. किनाऱ्यावरच्या वाळूतील तेल फावड्याने उचलता येते. चिखलात माणूसच गुडघाभर रुततो, तेथे फावडे काय चालवणार? तेल श्वसनमुळांची छिद्रे बुजवते आणि झाड गुदमरते, हा पहिला आघात. दुसरा सावकाश होतो. खेकड्यांच्या बिळांतून तेल खाली उतरते, आणि खाली प्राणवायू नसल्याने त्याचे विघटन होत नाही. पनामाच्या किनाऱ्यावर १९८६ मध्ये तेलाची टाकी फुटून खारफुटीत तेल शिरले होते. तेथे सलग निरीक्षण करणाऱ्या शास्त्रज्ञांना पाच वर्षांनंतरही चिखलातून तेल पाझरताना आढळले. ज्या गुणामुळे ही माती कर्ब टिकवते, त्याच गुणामुळे ती तेलही टिकवते.

चिखल वाळला की

हे सारे साठे एका अटीवर सुरक्षित असतात. चिखल ओला राहिला पाहिजे आणि त्यात हवा शिरता कामा नये. बांध घालून भरतीचे पाणी अडवले, गटार खणून जमीन कोरडी केली किंवा गाळ उपसून काठावर पसरला, की ही अट मोडते. पायराइटला प्राणवायू मिळाला, की त्याचे गंधकाम्ल आणि लोहाचा गंज होतो. मोटारीच्या बॅटरीत असते ते हेच आम्ल. सल्फाइडच्या कैदेतले धातू मोकळे होतात आणि पुढच्या पावसात पाण्याबरोबर वाहू लागतात.

याचे भारतातील ठळक उदाहरण केरळातील कुट्टनाडचे आहे. समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या तेथील भातशेतीत काही ठिकाणी ‘कारी’ नावाची कोळशासारखी काळी माती आहे. तिच्यात प्राचीन वृक्षांचे ओंडके गाडलेले सापडतात. पाणी हटले की ही माती इतकी आम्लधर्मी होते, की चुना टाकून आणि गोड्या पाण्याने धुऊन काढल्याखेरीज भात तग धरत नाही. महाराष्ट्रातील खार जमिनींची स्थिती सुदैवाने तशी नाही. बेसॉल्टमधून येणारे कॅल्शियम आणि शिंपल्यांचा चुना आम्लाला बरेचसे मारून टाकतात. आपल्याकडे शेतकऱ्याचा झगडा प्रामुख्याने मिठाशी असतो, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने भाताच्या वाणांवर केलेले कामही क्षार सोसण्याच्या दिशेनेच झाले आहे. मात्र जमीन आम्ल झाली नाही म्हणून धातू सुटत नाहीत, असे समजणे चूक आहे. सल्फाइड जळून गेले, की त्यांना धरून ठेवणारा मुख्य पाश तुटतोच.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या प्रलयानंतर मिठी खोल आणि रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले, आणि गाळ काढणे हा तेव्हापासून दरवर्षीचा पावसाळापूर्व कार्यक्रम झाला आहे. पुराच्या दृष्टीने तो आवश्यकही आहे. पण गाळाची चर्चा किती टन काढला आणि किती रुपये लागले, याभोवतीच फिरते. सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या या नदीकाठी भंगार, रंग आणि धातूकामाचे असंख्य छोटे उद्योग वाढले. त्यांच्या धातूंनी भरलेला काळा गाळ उघड्यावर पसरून वाळवला, तर त्यातले काय सुटते आणि कोठे जाते, हा प्रश्न टनांच्या हिशेबात बसत नाही.

राडारोड्याच्या भरावाने नुकसान उलट्या बाजूने होते. डंपर रात्री येतात, रिकामे होतात आणि जातात. दोन-तीन हात उंचीच्या भरावाने भरतीचे पाणी पलीकडे पोचेनासे होते. झाडे लगेच मरत नाहीत, त्यामुळे पंचनाम्यात तोडलेले झाड सापडत नाही. जमीन मात्र आतून वाळू लागते, क्षार वर येऊन पांढरा पापुद्रा धरतो, खेकडे निघून जातात, आणि दोन-चार वर्षांत तिवरे उभ्या उभ्या सुकतात. तोवर जागा ‘पडीक’ झालेली असते.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यभर खारफुटी तोडण्यास आणि तिच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम वा राडारोडा टाकण्यास मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते संरक्षण अधिक भक्कम झाले. २०१२ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. या पावलांमुळेच शहरातील खारफुटी आज उरली आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु मोजमापाचे साधन अद्याप उपग्रहाचे छायाचित्र हेच आहे. वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर खारफुटी नोंदली गेली, ती पानांच्या हिरव्या आच्छादनावरून. आच्छादनाखाली गाळ जिवंत आहे की वाळतो आहे, हे त्या चित्रात उमटत नाही.

भरपाईच्या लागवडीतही हेच होते. प्रकल्पासाठी जुने रान घेतले जाते आणि बदल्यात दुसरीकडे रोपे लावली जातात. रोप लागले, तर पंधरा-वीस वर्षांत दाट सावली देते. जुन्या रानाखालचा कर्ब, पायराइट आणि त्यात बांधलेले धातू मात्र पायाखोदाईत वर आलेले असतात, आणि नव्या जागी त्यांच्या बदल्यात काहीच जमा झालेले नसते. अनेकदा ही रोपे उघड्या चिखलपट्ट्यांवर लावली जातात. तेथे झाडे कधीच नव्हती, कारण भरतीचे पाणी तेथे फार वेळ थांबते. परिणामी रोपे कुजतात, आणि तिसऱ्या-कालवे वेचणाऱ्या बायकांची जागाही जाते.

खोदकामापूर्वी गाळाचे खोलवरचे नमुने घेऊन त्यातील सल्फाइड आणि धातू तपासणे, दूषित गाळ ओला ठेवून बंदिस्त जागी नेणे, हे उपाय नवे नाहीत. ऑस्ट्रेलियात अशा जमिनींचे नकाशे करून खोदकामावर निर्बंध घातले गेले आहेत. आणि जेथे रस्त्याच्या किंवा बांधाच्या भरावाने भरती अडली आहे, तेथे रोपवाटिकेचीही फारशी गरज नसते. भरावाखालून पुरेशा रुंदीच्या मोऱ्या दिल्या आणि पाणी पूर्वीसारखे ये-जा करू लागले, की पावसाळ्यात तिवराच्या बिया भरतीबरोबर तरंगत येतात. झाडावर असतानाच त्यांना कोंब फुटायला सुरुवात झालेली असते. पाणी ओसरल्यावर ओल्या गाळावर विसावलेली बी काही दिवसांत मूळ धरते, आणि पुढच्या भरतीचा गाळ तिच्या बुंध्याशी अडू लागतो.